चोथ्याचा सुगंध आणि स्वच्छतेचा दावा

चंदनाच्या गाभ्यातून तेल काढून झाल्यावर भांड्यात जे उरते ते जवळजवळ सगळे लाकूडच असते. गाभ्यात तेलाचे प्रमाण साधारण २ ते ६ टक्के. एक टन गाभा दळून वाफेवर घातला, तर चाळीस-पन्नास किलो तेल हाती येते आणि ९०० किलोंहून अधिक कोरड्या वजनाचा चोथा मागे राहतो. देवदाराच्या खोडकांची आणि मुळांची तऱ्हा वेगळी नाही, आणि अगरूच्या बाबतीत तेलाचा वाटा याहूनही पुष्कळ कमी असतो. हा चोथा ओला, जड आणि तपकिरी असतो. त्याला मंद वास येत राहतो, कारण जड रेणूंचे तेल वाफेबरोबर कधीच पूर्णपणे निघून येत नाही.

या चोथ्याभोवती सध्या एक आकर्षक कल्पना उभी आहे. तेल काढून झालेले सुगंधी लाकूड वाया जाते. त्यात निसर्गाची निर्मळ करणारी शक्ती शिल्लक असते. ते भिजवून, उकळून किंवा दळून त्यापासून फरशी पुसायचे द्रव, भांडी घासायची पूड, ओटा साफ करायचा फवारा तयार करता येतो. आणि हे सगळे रसायनमुक्त, जंतुनाशक व पर्यावरणाला पोषक असते, असा तिचा आशय आहे. कल्पनेमागचा हेतू चांगला आहे. टाकाऊतून टिकाऊ काढण्याचे कौतुक आपल्या समाजाला आहे आणि ते असावेच. पण स्वच्छता ही आरोग्याची बाब असल्याने तिच्या नावावर केलेले दावे हेतूवर सोडून देता येत नाहीत. हे दावे एकेक करून पाहिले, तर त्यांतले बहुतेक टिकत नाहीत, आणि जो थोडा भाग टिकतो तो बाटलीवरच्या मजकुरापेक्षा फार वेगळा असतो.

पहिले गृहीतक असे, की हा माल वाया जातो. चंदनाच्या बाबतीत ते वस्तुस्थितीला सोडून आहे. पहिल्या महायुद्धाआधी म्हैसूर संस्थानातले चंदन लिलावाने विकले जाई आणि त्याचा मोठा भाग युरोपात, विशेषतः जर्मनीत, तेल काढण्यासाठी जाई. १९१४ मध्ये युद्ध सुरू झाले, तो व्यापार थांबला आणि लाकूड गोदामांत पडून राहिले. तेव्हा बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधले सडबरो आणि वॉटसन या प्राध्यापकांनी तेल काढण्याची पद्धत बसवली आणि १९१६-१७ च्या सुमारास संस्थानाच्या मालकीचे कारखाने उभे राहिले. कृष्णराज वडियार (चौथे) गादीवर होते, दिवाण विश्वेश्वरय्या होते. चंदनाच्या साबणाचा प्रसिद्ध उद्योग याच धाग्यातून पुढे आला. कारखान्यात वाफेवर निघणाऱ्या तेलाबरोबर चोथ्याचे डोंगरही तयार होऊ लागले. त्यांना गिऱ्हाईक शोधायला दूर जावे लागले नाही, कारण अगरबत्तीचा धंदा त्याच मुलखात, बंगळूर-म्हैसूर पट्ट्यात, वाढत होता.

अगरबत्तीच्या लगद्यात कोळशाची पूड, लाकडाची पूड आणि चिकटपणासाठी जिगट लागते. तेल काढलेल्या चंदनाची पूड या कामाला उत्तम: ती बारीक असते, संथ जळते आणि शिल्लक राहिलेला वास धुरात उतरतो. धूप, हवनसामग्री आणि स्वस्त चंदनपूड यांतही ती जाते. अगरबत्ती वळण्याचे काम मोठ्या प्रमाणावर बायका घरी बसून करतात, आणि या कच्च्या मालाच्या भावावर त्यांच्या हातातल्या कामाचे गणित काही अंशी अवलंबून असते. याच पुडीला वरून वास लावून ती अस्सल चंदनाची म्हणून विकण्याची भेसळही चालते. ज्या वस्तूची भेसळ करण्याइतकी किंमत बाजारात आहे, तिला केरकचरा म्हणणे बरोबर नाही.

अगरूचा दाखला याहून बोलका आहे. आसामातल्या होजाई भागात अगरूचे तेल काढण्याचा जुना धंदा आहे. ज्या झाडापासून ते मिळते, त्या अक्विलारिया मॅलाकेन्सिसचा समावेश १९९५ पासून धोक्यातल्या वन्य जातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या, म्हणजे सायटेसच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. त्या नोंदीतून ज्या वस्तूंना सूट दिली आहे, त्यांत तेल काढून संपलेली अगरूची पूड आणि ती दाबून बनवलेले आकार यांचा वेगळा उल्लेख आहे. एखादी गोष्ट देशोदेशी विकली जात नसेल तर करारात तिच्यासाठी स्वतंत्र ओळ लिहिली जात नाही.

गवताच्या आणि पानांच्या भट्ट्यांमध्ये उरलेल्या मालाचा उपयोग आणखी सरळ असतो. गवती चहाचे तेल काढून झाल्यावर उरलेले गवत वाळवून त्याच भट्टीखाली जाळतात. निलगिरी डोंगरात निलगिरीच्या पानांचेही तसेच होते. त्यामुळे भट्टीवाल्याचा जळणाचा खर्च वाचतो आणि जंगलातले लाकूड वाचते. हा उपयोग दिसायला साधा आहे आणि त्याची जाहिरात कोणी करत नाही. पण उरलेल्या मालाची उष्णता जागच्या जागी वापरणे हा त्याचा सर्वांत कार्यक्षम शेवट आहे, हे मान्य करायला हवे. तोच चोथा उचलून शहरातल्या बाटलीत नेला, तर भट्टीखाली दुसरे काही तरी जाळावे लागते. त्या दुसऱ्या जळणाचा हिशेब बाटलीवर लिहिलेला नसतो.

अर्थात प्रत्येक भट्टीचा चोथा विकला जातो असे नाही. डोंगराळ भागातल्या लहान देवदार भट्ट्यांजवळ तो पडूनही राहतो, कारण तिथून वाहून नेणे परवडत नाही. वाया जाण्याचा मुद्दा खरा ठरतो तो अशा ठिकाणी, आणि त्यावरचा तोडगाही तिथेच निघायला हवा.

आता मूळ प्रश्न: हा चोथा साफ करतो का? मळ हा एक पदार्थ नाही. ओट्यावरचा तेलकटपणा, नळावरचा पांढरा क्षार, तांब्या-पितळेवरचा काळपटपणा, कपड्यातला घाम आणि धूळ या सगळ्यांची रासायनिक जात वेगळी आहे, म्हणून त्यांवरचे उपायही वेगळे आहेत. मराठी स्वयंपाकघराने हे रसायनशास्त्राचे पुस्तक येण्याआधीच ओळखले होते. पितळेला चिंच लावली जाई, कारण तिच्यातले टार्टारिक आम्ल धातूवरचा ऑक्साइडचा थर विरघळवते. खरकट्या, तेलकट भांड्यांना राख लावली जाई, कारण राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते. ते ओले झाले की अल्कधर्मी होते, तेलाशी भिडते आणि राखेचे कण घासण्याचेही काम करतात. रेशमी वस्त्रांना आणि दागिन्यांना रिठा लागे. रिठ्याच्या फळाच्या सालीत सॅपोनिन असते. ते फेस करते, पाण्याचा पृष्ठताण कमी करते आणि तेलाचे कण पाण्यात तरंगते ठेवते. नारळाची शेंडी फक्त घासत असे, आणि तिच्याकडून त्यापलीकडे कोणी काही मागत नसे. या प्रत्येक वस्तूत काम करणारा घटक कोणता, हे दाखवता येते.

तेल काढलेल्या चंदनात असा घटक दाखवता येत नाही. लाकडाचा मुख्य भाग सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन यांचा असतो. हे तिन्ही पाण्यात विरघळत नाहीत. त्यांत आम्ल म्हणावे असे आम्ल नसते, अल्क नसते आणि साबणासारखा एक टोक पाण्याला व एक टोक तेलाला जोडणारा रेणू नसतो. गाभ्यात जे विशेष होते ते सँटॅलॉल. चंदनतेलाच्या आंतरराष्ट्रीय मानकात अल्फा सँटॅलॉल ४१ ते ५५ टक्के आणि बीटा सँटॅलॉल १६ ते २४ टक्के असावे असे ठरलेले आहे. हे सँटॅलॉल काढून घेण्यासाठीच तर लाकूड दोन-दोन, तीन-तीन दिवस वाफेवर ठेवलेले असते. जो गुण वेचून बाहेर काढला, त्याचेच श्रेय उरलेल्या चोथ्याला देणे तर्काला धरून नाही.

चोथ्याच्या पुडीचे दोन उपयोग मात्र खरे आहेत. ती हलकेच घासते आणि ती तेल शोषते. गॅरेजच्या फरशीवर सांडलेल्या ऑइलवर लाकडाचा भुसा टाकतात तो याच गुणासाठी. पण हा गुण कोणत्याही लाकडाच्या भुशात आहे. सागाच्या, आंब्याच्या, बाभळीच्या वखारीत तो पोत्यांनी पडलेला असतो आणि जवळजवळ फुकट मिळतो. चंदनाचे नाव लावून तोच गुण कितीतरी पट भावाने विकायचा असेल, तर विकली जाणारी वस्तू वास आहे, स्वच्छता नाही. शिवाय ओला लाकडी भुसा पांढऱ्या फरशीच्या सांध्यांत तपकिरी डाग सोडू शकतो आणि सिंकच्या जाळीत अडकतो, ही रोजची अडचण वेगळीच.

यावर उत्तर दिले जाते ते सुगंधी पाण्याचे. वाफ थंड झाली की तेलाबरोबर पाणीही जमते. तेल वर तरंगते किंवा वेगळे होते आणि खालच्या पाण्यात थोडा सुगंध विरघळलेला राहतो. कनौजच्या अत्तरवाल्यांच्या जुन्या पद्धतीत डेगेतली, म्हणजे तापवायच्या हंड्यातली, वाफ बांबूच्या चोंग्यातून भपक्यात, म्हणजे ती थंड होऊन साठते त्या भांड्यात, येते, आणि भपक्यात साठलेले पाणी वेगळे करून बहुधा पुन्हा डेगेत ओतले जाते, कारण त्यातला उरलासुरला वासही कारागिराला सोडायचा नसतो. म्हणजे हे पाणीसुद्धा वाया जात नाही. ते पुढच्या खेपेत फिरते. ते बाजूला काढून बाटलीत भरले तरी त्यात सुगंधी द्रव्य लिटरमागे एका ग्रॅमपेक्षा कमी असते. तेल आणि पाणी यांचे जमत नाही हीच ऊर्ध्वपातनाची किल्ली आहे. पाण्यात तेल भरपूर विरघळले असते, तर ते वेगळे काढताच आले नसते. अशा पाण्याने ओटा पुसला तर तो पाण्याने पुसल्याइतका स्वच्छ होतो.

मग बाजारातली अशी द्रवे फेस कशी करतात आणि तेलकटपणा कसा काढतात? त्यांत साबण असतो, किंवा नारळाच्या तेलापासून अथवा साखरेपासून कारखान्यात बनवलेले फेसकारी द्रव्य असते, किंवा रिठ्याचा अर्क असतो. काम ते करतात. चंदनाच्या साबणातही हेच आहे. अंगाच्या साबणाच्या भारतीय मानकात पहिल्या प्रतीसाठी एकूण स्निग्धांश किमान ७६ टक्के ठरवला आहे. त्या स्निग्धांशाच्या जोरावर साबण मळ काढतो. चंदनतेल त्यात सुवासासाठी असते, आणि शंभर वर्षांत त्या साबणाची कीर्ती झाली ती त्याच सुवासासाठी. तिथे कोणी चंदन मळ काढते असे सांगितले नाही. जुन्या उद्योगाने पाळलेली ही साधी मर्यादा नव्या द्रवांनी मोडलेली आहे.

लाकडापासून मिळालेले द्रव्य खरोखर घर पुसायच्या कामी आले, असे एक मोठे उदाहरण भारतात आहे, आणि ते या चर्चेत क्वचितच येते. हिमालयातल्या चीड वृक्षाचा राळयुक्त चीक गोळा करून त्यापासून टर्पेंटाइन आणि राळ वेगळे करतात. टर्पेंटाइनमधल्या पायनीनवर आम्लाची प्रक्रिया करून पाइन तेल मिळते, ज्यात टर्पिनिऑल मुख्य असते. हे तेल एरंडेलाच्या साबणाबरोबर किंवा टर्की रेड ऑइलबरोबर मिसळले की पाण्यात टाकताच दुधाळ होते. हेच पांढरे फिनेल. महाराष्ट्रातल्या कितीतरी बचत गटांनी ते बनवायचे प्रशिक्षण घेतले आहे आणि बायका ते घरोघर विकतात. या उदाहरणातून तीन गोष्टी शिकता येतात. काम करणारे द्रव्य लाकडाच्या चोथ्यात नसून वेगळे काढलेल्या तेलात आहे. ते तेल कारखान्यात रासायनिक प्रक्रिया करून बनलेले आहे, आणि त्याबद्दल कोणाला लाज वाटण्याचे कारण नाही. आणि साबणाच्या मदतीशिवाय ते तेल पाण्यावर नुसते तरंगत राहिले असते. इतके असूनही पाइन तेलाची ताकद सर्व जंतूंवर सारखी नाही. स्टॅफिलोकॉकससारख्या जंतूंवर ते कमी पडते.

जंतुनाशकतेचा दावा हा या सगळ्या प्रचारातला सर्वांत गंभीर भाग आहे, कारण इथे चूक झाली तर कोणी तरी आजारी पडते. चंदनतेलाला औषधी कीर्ती होती हे खरे. प्रतिजैविके येण्याआधी मूत्रमार्गाच्या रोगांवर, विशेषतः परम्यावर, ते पोटात दिले जाई आणि अनेक देशांच्या औषधकोशांत त्याची नोंद होती. सल्फा औषधे आणि पेनिसिलिन आल्यावर तो वापर मागे पडला, कारण नवी औषधे खात्रीने काम करत होती. जुन्या कीर्तीचा आधार घेऊन आजच्या चोथ्याला जंतुनाशक म्हणणे म्हणजे दोन पायऱ्या एकदम ओलांडणे आहे: एकतर तेलाचा गुण चोथ्याला चिकटवायचा आणि दुसरे म्हणजे पोटात घेतलेल्या औषधाचा गुण फरशीवर लावायचा.

मात्रेचा प्रश्न इथे निर्णायक ठरतो. जंतूंवरच्या परिणामासाठी सर्वांत जास्त अभ्यासल्या गेलेल्या वनस्पतितेलांपैकी एक म्हणजे ऑस्ट्रेलियातले टी ट्री तेल. बहुतेक जीवाणूंची वाढ रोखायला तेसुद्धा साधारण एक टक्क्याच्या आसपास लागते. सुगंधी पाण्यात एकूण तेलच ०.१ टक्क्याहून कमी. म्हणजे टी ट्रीइतके जोरकस तेल पाण्यात उतरले असे मानले, तरीही मात्रा दहापटीने कमी पडते. आणि वाढ रोखणे म्हणजे मारणे नाही. ओल्या फडक्याने पुसलेल्या फरशीवर ते द्रव दोन-चार मिनिटांत वाळून जाते, हाही भाग हिशेबात धरावा लागतो.

लाकडात जंतुनाशक द्रव्य असूच शकत नाही असा याचा अर्थ नाही. तैवानच्या हिनोकी वृक्षाच्या तेलातून तेत्सुओ नोझोए यांनी १९३६ मध्ये हिनोकिटिऑल वेगळे केले. ते बुरशी आणि जीवाणू दोन्हींना आवरते. उत्तर जपानातल्या आओमोरीच्या हिबा लाकडातही ते मिळते, आणि तिथल्या करवत गिरण्यांच्या भुशापासून तेल काढून त्याचे घरगुती पदार्थ बनतात. या उदाहरणाचे वजन मान्य करायला हवे. पण ते भारतीय चोथ्याच्या बाजूने साक्ष देत नाही. तिथे भुशातून तेल काढले जाते आणि उपयोग त्या तेलाचा होतो. शिवाय ते द्रव्य ठरावीक झाडांतच असते: जपानच्या स्वतःच्या नेहमीच्या हिनोकी जातीत ते जवळजवळ नसते, आणि चंदनात तर नाहीच. एका झाडाचा गुण दुसऱ्याला नुसत्या सुवासाच्या साम्यावरून देता येत नाही.

जंतुनाशकाची ताकद मोजायला शतकापूर्वीच कसोटी ठरली. रिडील आणि वॉकर यांनी १९०३ मध्ये अशी पद्धत मांडली, की विषमज्वराच्या जंतूंवर द्रवाचा परिणाम फिनॉलच्या तुलनेत किती, हे आकड्यात सांगता यावे. भारतात औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ‘ओ’ अनुसूचीत जंतुनाशक द्रवांची मानके दिलेली आहेत, आणि काळ्या व पांढऱ्या फिनेलच्या डब्यावरची प्रत अशाच कसोटीवर ठरते. ही पद्धत जुनी आहे आणि आज तिच्याहून चांगल्या पद्धतीही आहेत. तरीही तिच्यामुळे एक शिस्त आली: जंतुनाशक म्हणायचे तर आकडा द्यायचा. ‘निसर्गतः जंतूंना दूर ठेवणारे’ अशा शब्दांना आकडा नसतो. घरात अतिसाराचा किंवा विषमज्वराचा रुग्ण असताना शौचालय अशा द्रवाने पुसून घरची माणसे निर्धास्त राहिली, तर तो दोष त्यांचा नाही. त्यांना योग्य मात्रेतला ब्लीचिंग पावडरचा किंवा हायपोक्लोराइटचा द्रव वापरायला सांगायचे सोडून ज्याने सुगंधावर विश्वास ठेवायला शिकवले, त्याचा तो दोष आहे.

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, हे गृहीतकही असेच कच्चे आहे. लाकडाची बारीक धूळ माणसात कर्करोग घडवते, असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच दिला आणि तिला पहिल्या गटात घातले. वाळलेला चोथा दळणाऱ्या, चाळणाऱ्या आणि पाकिटांत भरणाऱ्या कामगारांच्या नाकातोंडात हीच धूळ जाते. घासण्याची पूड म्हणून ती घरात आली, तर दिवसातून दोनदा ती उडते. सुगंधी तेलांचेही तसेच. युरोपीय संघाने २०२३ मध्ये सौंदर्यप्रसाधनांवर नावानिशी छापायच्या ॲलर्जीकारक सुगंधद्रव्यांची यादी पूर्वीच्या २६ वरून ऐंशीच्या पुढे नेली, आणि त्या वाढीव यादीत चंदनतेलही आहे. टर्पीन जातीची द्रव्ये हवेतल्या ओझोनशी भेटली की त्यांपासून फॉर्मल्डिहाइड आणि सूक्ष्म कण तयार होतात. रिठ्याचे सॅपोनिन डोळ्यांना झोंबते, आणि ते माशांना इतके मारक आहे की रिठ्याची फळे पाण्यात टाकून मासे धरण्याची रीत होती. हे सगळे नैसर्गिक आहे.

सुगंधी पाण्याचा आणखी एक दोष त्याच्या गुणाइतकाच नैसर्गिक आहे: ते नासते. त्यात तेल इतके कमी असते की बुरशी व जीवाणू आरामात वाढतात. लाकूड उकळून काढलेल्या काढ्यात तर विरघळलेली साखरद्रव्येही असतात. तो उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत आंबतो. बाटली दुकानाच्या फळीवर सहा महिने टिकवायची तर परिरक्षक घालावाच लागतो. परिरक्षक घातला की ‘रसायनमुक्त’ हा शब्द खोटा ठरतो, आणि न घालता विकली तर ग्राहकाच्या घरी जंतूंची पैदास पोचते. जे पाणी स्वतः नासते ते घर निर्जंतुक करील, हे म्हणणे एकाच बाटलीवर दोन परस्परविरोधी गोष्टी छापण्यासारखे आहे.

पर्यावरणाचा युक्तिवाद ऐकायला सर्वांत मोठा वाटतो, पण त्याबद्दल थोडक्यातच सांगता येते. ओला चोथा वाळवायला ऊन आणि जागा किंवा जळण लागते. घर पुसायच्या द्रवात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते, आणि ते प्लास्टिकच्या बाटलीत घालून शेकडो किलोमीटर नेले जाते. सुगंध पुरेसा येत नाही म्हणून वरून कृत्रिम सुवास घातला जातो. आणि भारतीय चंदनाला आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने १९९८ मध्ये असुरक्षित जातींत गणले आहे. त्याच्या नावाची मागणी फरशीपर्यंत वाढवण्यात झाडाचा कोणताही लाभ नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये हरित दाव्यांबाबत मार्गदर्शक तत्त्वे लागू केली आहेत. ‘पर्यावरणस्नेही’, ‘नैसर्गिक’ असे मोघम शब्द पुराव्याशिवाय वापरता येणार नाहीत, असा त्यांचा रोख आहे. चोथ्याच्या बाटल्यांना ही तत्त्वे काटेकोरपणे लावली गेली पाहिजेत.

चोथ्यापासून द्रव बनवण्याच्या कल्पनेच्या समर्थकांचा एक मुद्दा मात्र मनापासून विचारात घेण्याजोगा आहे. लहान भट्टी चालवणाऱ्याला तेलाचा भाव दलाल ठरवून देतो. उरलेल्या मालातून चार पैसे मिळाले तर धंदा तगतो. हे खरे आहे, आणि म्हणूनच त्याला खोट्या वाटेने पाठवू नये. द्रव विकायच्या धंद्यात त्याची गाठ मोठ्या जाहिरातीशी आणि परवान्यांशी पडते, आणि पहिली नासलेली खेप त्याचे भांडवल बुडवते. त्याच्या चोथ्याला भाव देणारे मार्ग दुसरे आहेत. रस्ता जवळ असेल तिथे अगरबत्तीचा कच्चा माल हा पहिला. जिथे रस्ता नाही, तिथे भट्टीचे जळण. आणि त्यानंतर उरलेली राख. लाकूड जळून राख जेमतेम अर्धा ते एक टक्का पडते, म्हणजे टनामागे पाच-दहा किलो. पण ही राख खरोखर साफ करते, तिच्यातला घटक सांगता येतो, आणि चाळून, कोरडी ठेवून ती गावच्या बाजारात भांड्यांसाठी विकता येते. राखेचे पाणी डोळ्यांना आणि हातांना जाळते, ही सूचना मात्र पुड्यावर हवी. पडीक चोथा कंपोस्टात घालता येतो. लिग्निन जास्त असल्याने त्याला वेळ लागतो आणि सोबत शेण किंवा हिरवा पाला द्यावा लागतो.

कोरड्या ऊर्ध्वपातनाचा, म्हणजे हवेशिवाय लाकूड तापवून धूर थंड करण्याचा, मार्गही सुचवला जातो. त्यातून मिळणाऱ्या आंबट द्रवात अॅसेटिक आम्ल असते आणि ते क्षाराचे डाग काढू शकते. परंतु त्याच द्रवात मिथेनॉल, फिनॉल जातीची द्रव्ये आणि डांबराचे अंश येतात. जपानात तो महिनोन्महिने निवळत ठेवून डांबर वेगळे करतात आणि मग मुख्यतः शेतीत वापरतात. पाच टक्क्यांचे साधे व्हिनेगर किराणा दुकानात मिळत असताना हा धुरकट द्रव स्वयंपाकघरात आणण्याचे कारण दिसत नाही.

साबण बनवणाऱ्याच्या शेजारीच भट्टी असेल, तर एक जोड प्रामाणिकपणे जमू शकते. साबणाच्या घाण्यात लागणाऱ्या पाण्याच्या जागी ताजे सुगंधी पाणी वापरायचे, आणि भांड्यांच्या वडीत घासण्यासाठी थोडी ओलसर, चाळलेली चोथ्याची पूड मिसळायची. पूड वडीत बांधली गेल्याने धूळ उडत नाही. पाणी साबणात गेल्याने नासत नाही. वाहतूक पाण्याची होत नाही, वडीची होते. अशा वडीच्या वेष्टनावर लिहायचे ते असे: मळ काढणारा घटक साबण, त्याचे प्रमाण इतके, घासणारा घटक तेल काढलेल्या चंदनाची पूड, प्रमाण इतके, सुवास सौम्य, जंतुनाशक नाही, ॲलर्जी असणाऱ्यांनी आधी थोडे वापरून पाहावे, चोथा अमुक भट्टीचा, लाकूड परवानगीने तोडलेले.